स्टेपनीचे वय

काही शब्द आपल्याकडे पाहुणे म्हणून येतात आणि घरचेच होऊन बसतात. 'स्टेपनी' हा असाच एक शब्द. ज्याला इंग्रजीचे एक अक्षर येत नाही असा ट्रकचा क्लीनरही स्टेपनी म्हणतो आणि मोटारीच्या शोरूममधला टाय लावलेला विक्रेताही स्टेपनीच म्हणतो. गंमत अशी की, इंग्लंडमध्ये जाऊन कुणाला 'स्टेपनी कुठे आहे' असे विचारले, तर तो तुम्हाला लंडनच्या पूर्व भागातल्या एका वस्तीचा रस्ता दाखवील. ज्या देशातून हा शब्द आला तिथे तो जवळजवळ विसरला गेला आहे. आपण मात्र तो शंभर वर्षे जपून ठेवला. शब्द जपला, वस्तू जपली का, हा प्रश्न वेगळा. त्या प्रश्नाचे उत्तर मला २००९ सालच्या मे महिन्यात फार महागात पडून मिळाले. ते सांगण्याआधी या शब्दाची आणि वस्तूची हकिकत सांगतो.

टायर म्हणजे रबराच्या कातडीत कोंडलेली हवा. गाडीचे वजन रबर उचलत नाही, ती हवा उचलते. ही साधी गोष्ट माणसाला उमगायला बराच काळ लागला. मुळात रबर हीच बेभरवशाची चीज होती. उन्हाळ्यात चिकट, हिवाळ्यात ठिसूळ. अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची युक्ती शोधली. तिला व्हल्कनायझेशन म्हणतात. आपल्या पंक्चरवाल्यांच्या पाट्यांवर हा शब्द नाना प्रकारच्या स्पेलिंगांनी सजलेला आपण पाहतो. गुडइयरला या शोधातून फारसे काही मिळाले नाही. तो १८६० मध्ये कर्जबाजारी अवस्थेत वारला. आज त्याच्या नावाने जी कंपनी आहे तिचा आणि त्याचा काही संबंध नाही. ती त्याच्या मृत्यूनंतर अडतीस वर्षांनी, १८९८ मध्ये निघाली आणि तिने आदराने त्याचे नाव घेतले.

रबर टिकाऊ झाले, आता हवा हवी होती. रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. लंडनमध्ये घोडागाड्यांना ही चाके लावून त्याने ती चालवूनही दाखवली. पण तेव्हा ना सायकली होत्या, ना मोटारी. काळाच्या फार आधी आलेली ती वस्तू लोक विसरून गेले. पुढे १८८८ मध्ये आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात राहणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच गोष्ट पुन्हा शोधून काढली. त्याला थॉमसनची माहितीच नव्हती. त्याचे पेटंट पुढे याच कारणाने रद्द ठरले, पण नाव मात्र त्याचे झाले.

हवेचा टायर आला आणि त्याच्या पाठोपाठ पंक्चर आले. १८९५ मध्ये फ्रान्समध्ये पॅरिस ते बोर्दो आणि परत, अशी सुमारे १,२०० किलोमीटरची मोटारींची शर्यत झाली. आंद्रे आणि एदुआर मिशलँ हे दोघे भाऊ तीत हवेच्या टायरची मोटार घेऊन उतरले. वाटेत इतकी पंक्चर झाली की, ठरल्या वेळेत शर्यत पुरी करणे त्यांना जमले नाही. तरीही मोटार हवेवर धावू शकते, एवढे मात्र त्यांनी सिद्ध केले. राहिला प्रश्न पंक्चरचा.

त्या काळचे पंक्चर म्हणजे आजच्यासारखा पाच मिनिटांचा खोळंबा नव्हता. चाक गाडीच्या आसाला कायमचे बसवलेले असे. ते सुटे काढता येत नसे. रस्त्याच्या कडेला बसून, चाक जागेवरच ठेवून, पट्ट्या घालून टायर उचकटायचा, आतली ट्यूब काढायची, ठिगळ लावायचे, पुन्हा सगळे बसवायचे आणि हातपंपाने हवा भरायची. रस्ते घोडागाड्यांचे. घोड्यांच्या नालांचे खिळे जागोजागी पडलेले. प्रवासाला निघालेल्या माणसाला आपण कधी पोहोचू, हे सांगता येत नसे.

यावर उपाय शोधला तो कुण्या मोठ्या मोटार कारखान्याने नव्हे. वेल्समधल्या लानेली या गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथे वॉल्टर आणि टॉम डेव्हिस या भावांचे लोखंडी सामानाचे दुकान होते. त्यांनी १९०४ मध्ये एक जोडचाक तयार केले. त्याला आरे नव्हते, मधला तुंबा नव्हता. नुसती एक लोखंडी कडी आणि तिच्यावर हवा भरून तयार ठेवलेला टायर. पंक्चर झाले की ही कडी बसलेल्या चाकाला बाहेरच्या बाजूने लावायची, पकडी आवळायच्या आणि पुढे निघायचे. पंक्चर काढायचे ते घरी गेल्यावर. रस्त्याच्या नावावरून त्याचे नाव पडले 'स्टेपनी व्हील'. ते इतके खपले की, लंडनच्या सगळ्या टॅक्सींना आपलेच चाक आहे, असा दावा ही कंपनी १९०९ मध्ये करू लागली. साम्राज्याच्या वाटांनी ते जगभर गेले. हिंदुस्थानात आले, माल्टाच्या बेटावर गेले. ब्राझीलमध्ये आजही जादा चाकाला 'एस्तेपे' म्हणतात. तोही आपल्या स्टेपनीचाच भाऊ.

मूळ स्टेपनी मात्र फार वर्षे टिकली नाही. १९०६ मध्ये फ्रान्समधल्या ल माँ येथे पहिली ग्रां प्री शर्यत झाली. तिच्यात रेनो मोटार चालवणारा फेरेन्स सिस जिंकला. त्याच्या विजयाचे एक कारण म्हणजे मिशलँने दिलेल्या, टायरसकट सुट्या होणाऱ्या कड्या. इतरांना टायर बदलायला जिथे पाव तास लागत होता, तिथे त्याचे काम पाच मिनिटांच्या आत होत होते. पुढे सगळे चाकच नट काढून बदलता येऊ लागले आणि पाचवे चाक गाडीबरोबर येऊ लागले. वेल्सची ती कडी संग्रहालयात गेली. नाव मात्र पाचव्या चाकाला चिकटून राहिले, निदान आपल्याकडे तरी.

या पाचव्या चाकाला किती मोल होते, याचा एक दाखला दुसऱ्या महायुद्धातला आहे. १९४२ च्या सुरुवातीला जपानने मलाया, सिंगापूर आणि डच ईस्ट इंडीज घेतले, आणि अमेरिकेला मिळणारे जवळजवळ नव्वद टक्के रबर बंद झाले. तिथे पेट्रोलच्याही आधी टायरचे रेशनिंग सुरू झाले. पेट्रोलची कूपने हवी असतील, तर आपल्याकडे पाचाहून अधिक टायर नाहीत, असे मोटारमालकाला लिहून द्यावे लागे. चार धावते आणि एक स्टेपनी. उरलेले सरकारजमा. वेगाची मर्यादा ताशी ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटरवर आणली गेली. कारण वेग वाढला की टायर तापतो, आणि तापला की लवकर झिजतो. टायर, वेग आणि उष्णता यांचा हा हिशोब त्या पिढीला सक्तीने पाठ झाला होता.

आपल्याकडची परिस्थिती स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षे याहून फार वेगळी नव्हती. शिवडीला फायरस्टोनचा कारखाना होता, बंगालमध्ये साहागंजला डनलॉपचा. १९५८ मध्ये मूळची इटलीच्या तुरीन शहरातली सिएट कंपनी इथे आली आणि भांडुपचा कारखाना उभा राहिला. मद्रासमध्ये १९४६ साली मुलांचे फुगे तयार करण्यापासून सुरुवात केलेली एमआरएफ कंपनी १९५२ मध्ये टायरच्या नक्षीचे रबर करू लागली आणि साठच्या दशकाच्या आरंभी टायरकडे वळली. तरीही टायर ही सांभाळून वापरायची वस्तू होती. घासला की त्याच्यावर नवे रबर चढवायचे, फाटला की आतून तुकडा लावायचा. एसटीने तर टायरवर रबर चढवण्याचे स्वतःचे कारखानेच काढले. आमच्या घरी जुनी फियाट होती. तिचे टायर वडील कसे वापरत, ते मला आठवते. चार टायरांपैकी एखादा गोटा झाला की तो डिकीत जाई आणि डिकीतला बाहेर येई. 'अजून हजार मैल निघतील,' हे त्यांचे ठरलेले वाक्य. ती फियाट ताशी साठच्या पुढे क्वचितच जाई. पुणे-मुंबई प्रवासात घाट चढून झाला की गाडीला आणि माणसांना विश्रांती देणे हा रिवाजच होता. त्यामुळे वडिलांची काटकसर खपून गेली.

माझी खपली नाही. आता ती हकिकत.

मी १९९८ सालची एक गाडी २००४ मध्ये दुसऱ्या हाताने घेतली. चारही टायर गुळगुळीत होते म्हणून लगेच नवे घातले. डिकीत पाहिले, तर स्टेपनी कोरी करकरीत. नक्षी पूर्ण खोल, रबरावरचे बारीक केसही शाबूत. आधीच्या मालकाने ती एकदाही वापरलेली नव्हती. मला वाटले, एका टायरचे पैसे वाचले. तिच्यावर डिकीचे कापड अंथरले आणि पाच वर्षे तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

२००९ च्या मे महिन्यात ठाण्याला एका लग्नाला निघालो होतो. गाडीत मी, पत्नी, मागे सासूबाई आणि माझा धाकटा मेहुणा. तळेगावच्या अलीकडे मागचा डावा टायर बसला. जवळच पंक्चरचे दुकान होते. तिथल्या मुलाने स्टेपनी काढली, हवा भरली, चाक बसवले. मग टायरच्या बाजूवर बोट फिरवत तो म्हणाला, "काका, ही नुसती दिसायला नवी आहे. हे बघा, बारीक चिरा पडल्यात. अर्धा तास थांबा, तुमचा टायर करून देतो, तोच परत घाला."

मी घड्याळ पाहिले. मुहूर्त बाराचा होता. "येताना करू रे," म्हणालो आणि पंक्चर झालेला टायर डिकीत टाकून एक्स्प्रेस वेवर चढलो.

घाट नीट उतरलो. पुढे सपाटीवर आल्यावर वेळ भरून काढायची म्हणून वेग शंभरावर नेला. ऊन मी म्हणत होते. पनवेल जवळ येत असताना मागे आधी फडफड ऐकू आली आणि मग मोठा आवाज झाला. गाडी डावीकडे ओढली गेली. मी जे करायला नको तेच केले, जोरात ब्रेक दाबला. गाडी फिरली आणि कडेच्या कठड्यावर आदळली. आम्ही पुढचे दोघे पट्ट्यांमुळे वाचलो. सासूबाईंना मुका मार लागला. मेहुण्याने पट्टा लावलेला नव्हता. त्याच्या कमरेचे हाड मोडले. दोन शस्त्रक्रिया झाल्या. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता आणि सुट्टीच्या दिवशी सिंहगड चढायचा. आज तो काठी घेऊन चालतो.

नंतर त्या टायरचे अवशेष मी नीट पाहिले. नक्षीचा सगळा पट्टा केळीच्या सालीसारखा सोलून निघाला होता. बाजूवर बारीक अक्षरांच्या शेवटी एका चौकटीत आकडे होते, तीनच. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता. तो शोधत गेलो आणि या सगळ्या इतिहासात शिरलो.

अर्थ असा. टायरच्या बाजूवर तो कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी तयार झाला, हे लिहिलेले असते. २००० पासून हे चार आकडे असतात. '२३१९' असे असेल, तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. २००० च्या आधी तीनच आकडे असत. पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचा वर्षाचा. म्हणजे तीन आकडे दिसले की तो टायर गेल्या शतकातला, हे नक्की. माझी कोरी करकरीत स्टेपनी अकरा वर्षांची म्हातारी होती.

न वापरता रबर म्हातारे कसे होते? याचे उत्तर देण्याआधी आणखी एक प्रकरण सांगितले पाहिजे. टायरच्या सुरक्षिततेबद्दल जगाने जे गांभीर्य शिकले, ते बरेचसे त्या प्रकरणातून. हेन्री फोर्ड आणि हार्वी फायरस्टोन यांची दोस्ती प्रसिद्ध होती. १९०६ पासून फोर्डच्या मोटारींना फायरस्टोनचे टायर लागत होते. नव्वदच्या दशकात फोर्डची 'एक्स्प्लोरर' ही उंच गाडी अमेरिकेत धो धो खपली. टायर अर्थातच फायरस्टोनचे. आणि मग अपघातांच्या बातम्या येऊ लागल्या. भर वेगात टायरच्या नक्षीचा पट्टा सोलून निघायचा आणि गाडी उलटायची. टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा उष्ण राज्यांत हे जास्त घडत होते. ९ ऑगस्ट २००० रोजी कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. तपास पुरा होईपर्यंत या टायरांशी जोडल्या गेलेल्या मृत्यूंचा आकडा दोनशेच्या वर गेला होता.

मग दोन्ही घराणी भांडू लागली. फोर्ड म्हणे, टायर वाईट. फायरस्टोन म्हणे, गाडीच उलटणारी, शिवाय हवा कमी ठेवायला तुम्हीच सांगितली. त्यात तथ्य एवढे होते की, गाडी मऊ चालावी म्हणून फोर्डने २६ पौंड हवा ठेवायची शिफारस केली होती. टायर कंपनीचे म्हणणे ३० पौंड हवी होती. २००१ मध्ये जवळजवळ शंभर वर्षांचा तो संबंध तुटला.

आता हवा चार पौंड कमी असली तर काय बिघडले, असे आपल्याला वाटेल. बिघडते ते असे. टायर जमिनीला टेकतो तिथे तो चपटा होतो आणि पुढे जाऊन पुन्हा गोल होतो. प्रत्येक फेऱ्यात त्याच्या बाजू एकदा वाकतात आणि सरळ होतात. शंभराच्या वेगात हे एका मिनिटाला आठशे-नऊशे वेळा घडते. लोखंडी तार हाताने वारंवार वाकवली की ती गरम होते, तसेच इथे. हवा जितकी कमी, तितके वाकणे जास्त आणि तितकी उष्णता जास्त. गाडीत माणसे आणि सामान खच्चून भरले की वाकणे आणखी वाढते. वरून मे महिन्याचे ऊन आणि खाली तापलेला काँक्रीटचा रस्ता. रबर आणि त्याच्या आतल्या पोलादी तारांचे पट्टे यांची पकड अशा वेळी सुटते. आपल्याकडे सर्रास समज आहे की, उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा थोडी कमी ठेवावी. तो समज नेमका उलटा आहे. कमी हवेचा टायर जास्त तापतो.

आणि वयाचे काय? टायरमधली दाबलेली हवा हळूहळू रबरातून बाहेर झिरपत असते. तिच्यातला प्राणवायू जाता जाता रबराला आतून कोरडे आणि कडक करत जातो. गाडी उभी असो की धावती, हे चालूच असते. फायरस्टोन प्रकरणानंतर अमेरिकी सरकारच्या वाहतूक सुरक्षा खात्याने ॲरिझोनातल्या फिनिक्स या अतिशय उष्ण शहरातून वापरातले टायर गोळा करून तपासले. त्यात असे दिसले की, कधीही रस्त्याला न लागलेल्या स्टेपनीचे रबरही नुसते गाडीत पडून म्हातारे होते. हे वाचले तेव्हा मी ते पान बराच वेळ उघडे ठेवून बसलो होतो. तळेगावच्या त्या पंक्चरवाल्या मुलाने एका बोटाने जे ओळखले, तेच हे होते.

या प्रकरणातून अमेरिकेत नोव्हेंबर २००० मध्ये नवा कायदा झाला. त्याच्या आधारे पुढे तिथल्या सगळ्या नव्या मोटारींना टायरमधली हवा ठरावीक दाबाच्या पाव हिश्शाने घटली की दिवा लागण्याची सोय सक्तीची झाली. आता आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांत हा दिवा असतो. तो पेटला की फडक्याने काच पुसणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्या दिव्यामागे दोनशे माणसांचे प्राण आहेत, एवढे लक्षात ठेवावे.

या सगळ्यातून सामान्य मोटारवाल्याने काय घ्यावे? मी स्वतःपुरते जे नियम केले आहेत, तेच सांगतो.

पहिले, हवा महिन्यातून दोनदा आणि लांबच्या प्रवासाआधी, टायर थंड असताना भरावी. दूर चालवून आल्यावर दाब आपोआप वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडू नये. दाब किती ठेवायचा, तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. गाडी भरलेली असेल तर किती, हेही तिथेच दिलेले असते. टायरच्या बाजूवर जो दाब लिहिलेला असतो तो कमाल मर्यादेचा, रोजचा नव्हे. नायट्रोजन भरला म्हणून तपासणी चुकत नाही. साध्या हवेतही अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो.

दुसरे, नक्षी. तिच्या खाचांच्या तळाशी जागोजागी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटारीच्या टायरची ही मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. पण पावसाळ्यात खाचांतून पाणी बाहेर फेकले गेले नाही, तर टायर पाण्यावर तरंगतो आणि ब्रेकला जुमानत नाही. म्हणून मर्यादा गाठेपर्यंत वाट न पाहता जूनच्या आधीच निर्णय घ्यावा. टायर एका कडेनेच झिजत असेल, तर दोष टायरचा नसून अलाइनमेंटचा असतो. ते न करता नवा टायर घातला, तर तोही तसाच जाईल.

तिसरे, निवड. टायरवर '१६५/८० आर १४ ८५ टी' असे काहीबाही लिहिलेले असते. १६५ मिलिमीटर रुंदी. उंची रुंदीच्या ८० टक्के. 'आर' म्हणजे रेडियल. ही रचना मिशलँने १९४६ मध्ये शोधली. १४ इंची रिंग. ८५ हा वजनाचा सांकेतिक आकडा, म्हणजे एका टायरला ५१५ किलो. 'टी' म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा वेग. नवा टायर घेताना मूळ टायरपेक्षा वजनाचा आकडा आणि वेगाचे अक्षर खालचे नको. रुबाबासाठी रुंद टायर घालण्यापूर्वी गाडीचे पुस्तक उघडावे. दोनच टायर घ्यायचे असतील, तर एका आसावर एकसारखी जोडी घालावी आणि नवी जोडी मागे घालावी. मागची पकड सुटली की गाडी गरकन फिरते आणि ती सावरणे आपल्यासारख्यांचे काम नाही. पैसे देण्यापूर्वी दुकानात चार आकडे वाचावेत. दुकानदार हसेल. हसू द्यावे.

चौथे, वय. पुष्कळ मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात. दहा वर्षांच्या पुढे तर, नक्षी कितीही चांगली दिसो, टायर कंपन्याही तो वापरू नका म्हणतात, आणि त्यात स्टेपनी धरलेली असते. डिकीचे कापड उचलून तिच्यातली हवा इतर चारांबरोबर पाहावी.

आणि पाचवे, इतके करूनही टायर फुटलाच, तर ब्रेकवर पाय मारू नये. स्टीअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवावे, ॲक्सिलरेटर सोडावा आणि गाडी आपोआप मंदावू द्यावी. मगच कडेला घ्यावी. हे मी अनुभवाने सांगतो; पण माझ्या अनुभवाने उलट केले होते.

डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी असा समृद्धी महामार्ग सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये तो सगळा, ७०१ किलोमीटर, खुला झाला. सुरुवातीपासूनच त्या रस्त्यावर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या येत राहिल्या. लोक रस्त्याला शिव्या देऊ लागले. रस्त्याचे जे असेल ते असो. पण ज्या टायरांनी आयुष्यभर खड्ड्यांतून ताशी पन्नासने प्रवास केला, त्यांना विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात, भरल्या गाडीनिशी, तास न् तास शंभर-सव्वाशेने पळवले, तर ते काय करतील? माझ्या वडिलांची टायरची काटकसर आणि माझ्या पिढीचा वेग, या दोन गोष्टी एका गाडीत बसू शकत नाहीत.

आता स्टेपनीचेच दिवस भरत आले आहेत. जुलै २०२० मध्ये आपल्या नियमांत बदल झाला. ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचे सामान गाडीत असेल, तर मोटारीला जादा चाक देण्याची सक्ती राहिलेली नाही. काही गाड्यांत आता बारीक, तात्पुरती स्टेपनी येते. तिच्यावर ठळक अक्षरांत वेगाची मर्यादा लिहिलेली असते, बहुधा ताशी ऐंशी. ती वाचावी, एवढीच विनंती. वेल्समधल्या लोखंडी सामानाच्या दुकानात निघालेली ही वस्तू एक दिवस आपल्याकडूनही जाईल. शब्द कदाचित मागे राहील. आपण शब्द सहजासहजी टाकत नाही.

माझ्या मेहुण्याने मला कधी बोल लावला नाही. त्या दिवशी मी अर्धा तास का थांबलो नाही, हेही त्याने विचारलेले नाही. मात्र आम्ही लांब निघालो असे कळले की त्याचा फोन येतो. प्रकृतीची चौकशी होते, पाऊसपाणी होते आणि शेवटी तो हळूच विचारतो, "दाजी, स्टेपनी बघितली का?"

मी 'हो' म्हणतो. आणि फोन ठेवल्यावर खाली जाऊन पुन्हा एकदा बघतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)